इंदुरात ऊन मोजायचं तर: जागा, लेव्हल, फडकं आणि घड्याळ

एक मेगावॉटचा सोलर प्लांट धरा. पॅनेलच्या उतारावर दिवसभरात चौरस मीटरमागे ६ युनिट (किलोवॉट-तास) ऊन पडलं आणि मीटरवर ४,८०० युनिट वीज चढली, तर परफॉर्मन्स रेशो, म्हणजे तेवढ्या उन्हात व्हायला हव्या त्या विजेतली खरी झालेली वीज, ८० टक्के. आता त्याच दिवशी सेन्सरच्या काचेवर धूळ होती आणि तो ३ टक्के कमी वाचत होता असं समजा. नोंद होते ५.८२ युनिटची, रेशो निघतो ८२.५ टक्के, आणि प्लांट झकास चाललाय म्हणून मालक खूश. प्लांट आहे तिथेच आहे. फक्त मोजणारा डोळा मंद झाला आहे.

ऊन मोजण्याच्या कामातली मेख ही आहे. स्टेशन उभं करायला दोन-तीन दिवस पुरतात. ते खरं बोलतंय ना, हे मात्र रोज पाहावं लागतं. सेन्सर स्वतःहून क्वचितच बिघडतो. आकडे बिघडतात ते कललेल्या पायामुळे, न पुसलेल्या काचेमुळे, चुकलेल्या घड्याळामुळे आणि लॉगरमध्ये, म्हणजे आकडे साठवणाऱ्या यंत्रात, भरलेल्या चुकीच्या एका आकड्यामुळे.

घराच्या गच्चीवर तीन-पाच किलोवॉट बसवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. इंदूरला सपाट जमिनीवर वर्षाची सरासरी दिवसाला चौरस मीटरमागे ५ ते ५.५ युनिटच्या आसपास असते, आणि घरच्या हिशेबाला उपग्रहावरून काढलेले आकडे पुरतात. स्टेशन लागतं ते मेगावॉटात बोलणाऱ्यांना: पीथमपूरच्या कारखान्यांची मोठी छतं, आगर-शाजापूरकडचे सोलर पार्क, किंवा नर्मदेचं पाणी चढवण्याचा वीजखर्च कमी करायला इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बाँड काढून हाती घेतलेला जलूदचा ६० मेगावॉटचा प्लांट. तिथे दोन टक्क्यांची चूक म्हणजे लाखो युनिटं.

काय मोजायचं

सपाट जमिनीवर सगळीकडून मिळून येणारं एकूण ऊन म्हणजे जीएचआय. सूर्याच्या थाळीतून थेट येणारं, सूर्याकडे तोंड करून मोजलेलं, ते डीएनआय. ढग, धूळ आणि हवेतून विखरून उरलेल्या आकाशातून येणारं ते डीएचआय. पॅनेलच्या उतारावर पडणाऱ्या उन्हाला पीओए म्हणतात. पहिल्या तिघांचं नातं पक्कं आहे: डीएनआयला सूर्याच्या शिरोबिंदूपासूनच्या कोनाच्या कोसाइनने गुणा, त्यात डीएचआय मिळवा, जीएचआय यायला हवा. स्टेशनची सगळ्यात कडक परीक्षा हीच, तिच्याकडे पुढे येऊ.

चालू प्लांटला एक सपाट आणि एक उतारावरचा पायरॅनोमीटर (काचेच्या घुमटाखालचा, सगळीकडून येणारं ऊन मोजणारा सेन्सर) असला की रोजचं काम भागतं. नव्या जागेचा अभ्यास करायचा असेल तर तिन्ही राशी स्वतंत्र मोजलेल्या बऱ्या. देशात २०११ मध्ये चेन्नईच्या पवन ऊर्जा संस्थेने उभारलेल्या पहिल्या ५१ स्टेशनांची रचना अशीच होती: एक उघडा पायरॅनोमीटर, एक ट्रॅकरवरच्या गोळ्याने सूर्य झाकून सावलीत ठेवलेला, आणि सूर्यामागे फिरणाऱ्या त्याच ट्रॅकरवर फक्त थेट ऊन मोजणारा पायरहेलिओमीटर. शिवाय तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस आणि हवेचा दाब. नमुना दर सेकंदाला, नोंद मिनिटाच्या सरासरीची. आजही हाच आराखडा घ्यावा. तासाची सरासरी साठवून मिनिटांची फाइल पुसण्याची काटकसर करू नका. बिघाड ओळखू येतो तो मिनिटांच्याच आकड्यांत.

सेन्सर घेताना आयएसओ ९०६० या सेन्सरांच्या वर्गवारीच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार वर्ग ए मागा, आणि कागदावर ‘स्पेक्ट्रली फ्लॅट’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. असा थर्मोपाइल सेन्सर, म्हणजे उन्हाने तापण्यावरून मोजणारा, साधारण २८५ ते २८०० नॅनोमीटरपर्यंतचं ऊन घेतो. सिलिकॉनचा स्वस्त सेन्सर ४०० ते ११०० च्या आसपास थांबतो, त्यामुळे ढगाळ हवेत आणि सूर्य खाली असताना त्याचं गणित बदलतं. पॅनेलही सिलिकॉनचंच असतं, म्हणून प्लांटवर जोडीला एखादा रेफरन्स सेल (मोजमापासाठीचा छोटा सोलर सेल) ठेवायला हरकत नाही. पण करारातल्या आकड्यांसाठी थर्मोपाइलच धरा.

ट्रॅकर परवडत नसेल तर डीएचआयसाठी सावलीची कडी मिळते. ती हाताने सरकवावी लागते. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस आठवड्याला एकदा पुरे. कडी सूर्याबरोबर आकाशाचा एक पट्टाही झाकते, तेवढी भर हिशेबात घालावी लागते. सरकवणारा माणूस भरवशाचा नसेल तर कडीच्या वाटेला न गेलेलं बरं.

जागा

इंदूर २२.७२ अंश उत्तर, ७५.८६ अंश पूर्व, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर. लॉगरमध्ये किंवा ट्रॅकरमध्ये हे भरताना एक चूक हमखास होते: २२ अंश ४३ मिनिटं म्हणून २२.४३ टाइप करतात. दशांशात भरा, आणि नंतर सूर्याची स्थिती पडताळून बघा.

कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला असल्याने इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मधले चार आठवडे दुपारचा सूर्य शिरोबिंदूच्या किंचित उत्तरेला असतो, तोही अंशभराच्या आतच. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो जेमतेम ४४ अंशांवर, त्यामुळे खांबाची सावली खांबाएवढीच लांब. जूनमध्ये तो पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेकडे उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे ईशान्येपासून दक्षिणेवरून वायव्येपर्यंतचं क्षितिज मोकळं हवं. या पट्ट्यात सेन्सरच्या पातळीपासून ५ अंशांच्या वर काही नको. सोपा हिशेब असा: अडथळा सेन्सरपेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दहापट लांब. तीन मीटर उंचीची पाण्याची टाकी तीस मीटरवर असली तरी साधारण ६ अंश अडवतेच. ते चालवून घेता येतं, याहून जवळ नको.

मोबाइलवरच्या कोन मोजायच्या अॅपने दर १० अंशांवर क्षितिजाची उंची मोजा आणि तक्ता करून ठेवा. दोन वर्षांनी शेजारी मजला चढला की हाच तक्ता कामाला येतो. शहरातल्या गच्चीवर जिन्यावरची खोली, डिश अँटेना आणि शेजारचा मोबाइल टॉवर हे नेहमीचे अडथळे. त्यांच्याइतकाच वाईट शेजार म्हणजे पांढऱ्या उष्णतारोधक रंगाची भिंत. तिची सावली पडत नाही, उलट चकाकी सेन्सरवर येते आणि विखुरलेल्या उन्हाचा आकडा गुपचूप फुगतो.

वाऱ्याचा मास्ट सेन्सरच्या नेमक्या उत्तरेला उभा करा, ईशान्येला किंवा वायव्येला नको. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. उत्तरेपासून फार सरकवून ठेवलेला मास्ट तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळी सेन्सरवर सावलीची काडी ओढतो.

पाया, आणि माळव्याची काळी माती

इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यात दीड फुटाचा खड्डा करून पाइप रोवला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तो कललेला सापडेल. मुरूम लागेपर्यंत खणा. मातीचा थर फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेला अंडर-रीम्ड पाइल घाला, म्हणजे पाया मातीबरोबर वरखाली होत नाही. वर तीन इंची जीआय पाइप, डोक्यावर पक्की टोपी, नाहीतर आत पाणी साचतं. बाजूने मुरूम भरून पाणी पायापासून लांब जाईल असा उतार द्या.

सेन्सरची उंची जमिनीपासून दीड मीटर ठेवा. कारण साधं आहे: पुसणाऱ्याला शिडी लागता कामा नये. शिडी लागली की पुसणं महिन्यावर जातं. कुंपणाचे खांब आणि तार सेन्सरच्या पातळीखाली राहू द्या.

दोन्ही बाजूंनी वीज करणारे पॅनेल असतील तर जमिनीवरून परत येणारं ऊनही मोजावं लागतं, त्यासाठी एक सेन्सर पालथा लावतात. तो दीड मीटरवर असला की त्याच्या ९९ टक्के सिग्नलचं मूळ १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात असतं. त्या वर्तुळात काँक्रीटचा ओटा, पांढरी पेटी, खडीचा ढीग नको. पावसाने भिजलेली काळी माती आणि मे महिन्यातली वाळलेली माती यांच्या परावर्तनात मोठा फरक असतो, त्यामुळे एकदा मोजून वर्षभर तोच आकडा वापरणं चुकीचं.

लेव्हल

सगळ्यात बारीक काम हे, म्हणून घाई करू नका.

पायरॅनोमीटरला तीन पाय असतात, एक पक्का आणि दोन स्क्रूचे. केबल निघते ती बाजू उत्तरेला करा, म्हणजे जोड वर्षातला बराच काळ सावलीत राहतो. दोन बोल्ट हाताने सैल बसवा, खाली नायलॉनचे वायसर घाला. धातूला धातू लागला की तापलेल्या प्लेटची उष्णता सेन्सरच्या बुडात शिरते, गंजही धरतो. आता बुडबुड्याकडे बरोबर वरून बघा. बाजूने पाहिलं तर मध्यभागी दिसणारा बुडबुडा खरं तर कडेला असतो. बुडबुडा उंच बाजूकडे पळतो, म्हणून तो जिकडे गेलाय तिकडचा स्क्रू पाव फेरी खाली घ्या. एका वेळी एकच स्क्रू. पूर्ण बुडबुडा आतल्या वर्तुळात आला की बोल्ट आलटून पालटून अर्धी-अर्धी फेरी आवळा. आवळताना बुडबुडा हमखास सरकतो. पुन्हा सैल, पुन्हा लेव्हल, पुन्हा आवळणं, असं दोन-तीनदा होणारच. शेवटचा पिळा दिल्यावर जिथे बुडबुडा थांबला तीच खरी लेव्हल.

एवढा सोस कशासाठी? सेन्सर एक अंश दक्षिणेला कलला तर डिसेंबरच्या दुपारी थेट उन्हाचा भाग सुमारे १.८ टक्के जास्त दिसतो. एक अंश पूर्वेला कलला आणि सूर्य क्षितिजावर २० अंश असला तर जवळपास ५ टक्के. एक अंश म्हणजे डोळ्यांना काहीच नाही, पाइपवर कुणी शिडी टेकवली तरी तेवढा फरक पडतो. लेव्हल पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि दर महिन्याला एकदा तपासा.

उतारावरच्या सेन्सरला बुडबुडा उपयोगाचा नाही. तिथे डिजिटल कोनमापक पॅनेलच्या काचेवर ठेवा, मग सेन्सरच्या प्लेटवर, दोन्ही आकडे अर्ध्या अंशाच्या आत जुळवा. ड्रॉइंगमधला कोन धरू नका, पॅनेल प्रत्यक्ष ज्या कोनात बसलंय तो धरा. सेन्सर रांगेच्या टोकाला, वरच्या कडेपाशी. खालच्या कडेला लावला की हिवाळ्यात पुढच्या रांगेची सावली त्याच्यावर आधी येते.

वायर, बॅटरी, वीज

साधा थर्मोपाइल सेन्सर फार थोडा व्होल्टेज देतो. समजा प्रमाणपत्रावर संवेदनशीलता दर वॉट प्रति चौरस मीटरमागे ९.४२ मायक्रोव्होल्ट आहे आणि लॉगरला ८.१ मिलिव्होल्ट मिळाले. ८१०० भागिले ९.४२, म्हणजे ८६० वॉट प्रति चौरस मीटर. हा ९.४२ फक्त त्या एका सेन्सरचा असतो, त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या शेजारच्या सेन्सरचा ८.८७ असू शकतो. दोघांची अदलाबदल झाली तर एक ६ टक्के जास्त आणि दुसरा जवळपास तेवढाच कमी वाचेल, आणि आलेख दिसायला अगदी सुरेख राहील. नव्या स्टेशनवर सगळ्यात जास्त सापडणारी चूक ही. म्हणून सेन्सरवरचा सीरियल नंबर, प्रमाणपत्र आणि लॉगरचा प्रोग्राम असे तिन्ही एकत्र धरून एकाने वाचायचं, दुसऱ्याने टिक करायची. मॉडबसवर, म्हणजे डिजिटल भाषेत, बोलणाऱ्या नव्या सेन्सरमध्ये हा आकडा आतच साठवलेला असतो, तिथे ही धास्ती कमी. मात्र प्रत्येकाचा पत्ता वेगळा द्यायला विसरू नका.

केबलला मध्ये जोड नको. इनपुट डिफरेन्शियल ठेवा, शील्ड लॉगरच्या बाजूला, एकाच टोकाला अर्थ करा. केबल जमिनीखालून जीआय पाइपातून न्या, उंदीर आणि घुशी प्लास्टिकचा पाइप सहज कुरतडतात. पेटीची रिकामी भोकं एम-सीलने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या आणि गांधीलमाशा राहायला येतील.

वीज किती लागते? लॉगर, तीन स्मार्ट सेन्सर, हवामानाचे सेन्सर आणि मोडेम मिळून सरासरी १०० मिलिअँपियर धरले तर दिवसाला २.४ अँपियर-तास. श्रावणातले पाच झाकोळलेले दिवस धरले तर १२, आणि बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही म्हणून निदान २४ अँपियर-तास. पण सेन्सरवर वारा सोडणारा पंखा लावला की एकटा पंखाच ५ वॉट, म्हणजे दिवसाला १० अँपियर-तास खातो. ट्रॅकर तर २० वॉटच्या आसपास. या दोघांसाठी मेन्सची लाइन आणि बॅकअप घ्या, छोट्या पॅनेलवर त्यांचा भार टाकू नका.

मे-जूनमधल्या वळवाच्या विजा हा इथला मोठा शत्रू. सिग्नल आणि वीज दोन्हींवर सर्ज प्रोटेक्टर, मास्टवर अरेस्टर, आणि अर्थिंग ५ ओहमच्या आत. अर्थिंगचा आकडा मे महिन्यात मोजा. ऑगस्टमध्ये भिजलेल्या जमिनीत कुठलाही खड्डा पास होतो.

घड्याळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, इंदूर ७५.८६ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर फरक साडेसव्वीस मिनिटांचा. म्हणजे इथला खरा मध्यान्ह सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी. त्यातही तो वर्षभर हलतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ च्या सुमारास. उज्जैनच्या जंतरमंतरवर सम्राट यंत्राची सावली दाखवते ती हीच स्थानिक वेळ, म्हणून हातातल्या घड्याळाशी ती जुळत नाही.

लॉगर वर्षभर भारतीय वेळेवर ठेवा, जीपीएस किंवा मोडेमवरून रोज जुळवा. मिनिटाची सरासरी त्या मिनिटाच्या सुरुवातीच्या वेळेने नोंदता की शेवटच्या, हे एकदा ठरवा आणि फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा. उपग्रहाचे तासाचे आकडे बहुधा जागतिक वेळेत मिळतात, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. त्यांचा तास आपल्याकडे साडेदहा ते साडेअकरा असा पडतो. दहा ते अकराच्या सरासरीशी त्याची तुलना केली तर सकाळी उपग्रह चुकलेला दिसेल आणि दुपारी उलट बाजूला चुकलेला. मिनिटांची फाइल जपायचं हे आणखी एक कारण.

पुसणं

पायरॅनोमीटरचा डोम, म्हणजे काचेचा घुमट, आठवड्याला निदान दोनदा, पायरहेलिओमीटरची काच रोज. फरक यासाठी की डोमवरच्या धुळीने विखुरलेलं बरंचसं ऊन आत पोहोचतंच. पायरहेलिओमीटर मात्र जेमतेम ५ अंशांच्या खिडकीतून बघतो, धुळीने किंचित वळवलेला किरणही त्याच्या हिशेबातून जातो.

वेळ सूर्योदयाच्या सुमाराची. आधी डिस्टिल्ड पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग मऊ सुती फडक्याने टिपा. कोरडं फडकं फिरवलं की मातीचे कण काचेवर चरे पाडतात. बोअरिंगचं पाणी चालणार नाही, वाळल्यावर क्षारांचा पांढरा पापुद्रा राहतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, तेच आणा. साबण नको. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर आसपासच्या शेतांत नरवाई (गव्हाची खुंटं) पेटते, तिची काजळी चिकट असते. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, मग पुन्हा पाणी. जानेवारीच्या पहाटे डोमवर दव असतं. ते पुसलं तर वहीत लिहा, कारण त्या सकाळचे आधीचे आकडे गाळावे लागतील.

राजवाड्याच्या आसपासच्या गच्चीवर स्टेशन असेल तर रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघण्याआधी सेन्सरवर कापडी टोपी चढवा. गुलाल मजल्यांच्या वर उडतो, आणि ओल्या डोमवर बसलेला गुलाल लवकर निघत नाही. तेवढ्या वेळेचा डेटा ‘झाकलेला’ म्हणून नोंदा, शून्य म्हणून नको. संक्रांतीनंतर मास्ट आणि वाऱ्याच्या कपांत अडकलेला मांजा काढायलाही कुणीतरी वर जायला हवं.

वहीत तारीख, सुरुवात, शेवट आणि पुसणाऱ्याचं नाव. शक्य असेल तेव्हा एक सेन्सर पुसून दुसरा तसाच ठेवा आणि दोघांचं गुणोत्तर पुसण्याआधी व नंतर टिपा. नुसता आधीचा-नंतरचा आकडा फसवतो, तेवढ्या दोन मिनिटांत सूर्यच वर चढलेला असतो. गुणोत्तर १.७ टक्क्याने वाढलं, तर तेवढी धूळ होती. सेन्सरमधली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंगही त्याच फेरीत बघा. नारिंगी उडाला की बदलायची वेळ झाली.

आकडे खरे की खोटे

सकाळी चहा घेता घेता कालच्या दिवसाचा मिनिटांचा आलेख बघण्याची सवय लावा. कुठलंही सॉफ्टवेअर याची बरोबरी करत नाही.

रात्रीपासून सुरुवात करा. निरभ्र रात्री थर्मोपाइल उणे १ ते उणे ५ वॉट दाखवतो, कारण डोम थंड आकाशाकडे उष्णता टाकत सेन्सरच्या बुडापेक्षा थंड होतो. हे निरोगी लक्षण आहे. रात्रभर नेमका ०.०० दिसला तर कुणीतरी प्रोग्राममध्ये उणे आकडे कापून टाकले आहेत किंवा सेन्सर मेला आहे. अधिक १० वगैरे दिसलं तर जोडात पाणी शोधा. मूळ फाइलमधले उणे आकडे कधीही शून्य करू नका.

निरभ्र दिवशी आलेख मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना सारखा उतरला पाहिजे. सकाळ फुगीर आणि संध्याकाळ बसकी असेल तर दोन संशयित: लेव्हल आणि घड्याळ. डीएनआयचा आलेखही तसाच सरकला असेल तर घड्याळ, डीएनआय जागेवर आणि फक्त जीएचआय कललेला असेल तर लेव्हल. रोज एकाच सुमारास छोटा खड्डा पडतो आणि तो आठवड्यागणिक थोडा थोडा सरकतो, तर कुठल्या तरी खांबाची किंवा तारेची सावली आहे. त्या वेळी जाऊन उभं राहा, मिनिटभरात सापडते.

आता ती कडक परीक्षा. सूर्य क्षितिजावर १५ अंशांहून वर असताना मोजलेला जीएचआय आणि बाकी दोघांवरून काढलेला जीएचआय यांत ८ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, चांगलं सांभाळलेलं स्टेशन याच्या बऱ्याच आत राहतं. काढलेला आकडा कमी येतोय तर बहुधा पायरहेलिओमीटरची काच मळलेली किंवा ट्रॅकर सूर्यावरून घसरलेला. पायरहेलिओमीटरच्या पुढच्या छिद्रातून येणारा प्रकाशाचा ठिपका मागच्या खुणेवर आहे का ते बघा. काढलेला आकडा बराच जास्त आणि निरभ्र दिवशी डीएचआय जीएचआयला टेकलेला, तर सावलीचा गोळा डोमवरून हटला आहे.

पावसाळा एक परीक्षा फुकट देतो. दिवस पूर्ण झाकोळलेला असला की डीएनआय शून्य, आणि उघडा सेन्सर व सावलीतला सेन्सर यांनी एकच आकडा सांगायला हवा. दोघांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त अंतर राहिलं तर प्रमाणपत्रातले आकडे पुन्हा तपासा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांच्या फटीतून सूर्य डोकावला की मिनिटाचा आकडा १२०० वॉटच्या वरही जातो, कारण थेट उन्हात ढगांच्या कडांवरून आलेलं ऊन मिसळतं. १००० च्या वरचं सगळं चूक समजून गाळणारे प्रोग्राम खरे आकडे फेकून देतात. मात्र पुसायला आलेला हात किंवा डोमवर बसलेली साळुंकी मिनिट-दोन मिनिटांचा खड्डा पाडते, तो वहीशी ताडून गाळा.

उपग्रहाशी तुलना महिन्याच्या बेरजेवर करा, दिवसावर नको. फरक हळूहळू एकाच दिशेने वाढत चालला तर दोष बहुधा आपल्या काचेवर असतो. नव्या जागेच्या अभ्यासाला किमान एक पूर्ण वर्ष मोजा. ऑक्टोबर ते मे एवढंच मोजून पावसाळा अंदाजाने भरला तर सगळ्यात लहरी चार महिने सुटतात.

कॅलिब्रेशन

दोन वर्षांनी सेन्सर उतरवून कॅलिब्रेशनला पाठवा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेत ही सोय आहे. प्रमाणपत्राची साखळी शेवटी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या जागतिक संदर्भापर्यंत पोहोचते आहे ना, ते वाचून घ्या. सेन्सर बाहेर असताना जागा रिकामी राहू नये म्हणून एक जादा सेन्सर आधीपासून ठेवा, आणि बदलण्याआधी दोघांना शेजारी-शेजारी निदान आठवडाभर चालवा. त्यांचं गुणोत्तर हाच जुन्या आणि नव्या फाइलमधला दुवा.

नवीन प्रमाणपत्र आलं की ९.४२ चा समजा ९.३७ होतो. तो लॉगरमध्ये भरल्याची तारीख आणि मिनिट वहीत आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहा. मागची दोन वर्षं नव्या आकड्याने परस्पर बदलू नका. दुरुस्ती करायचीच असेल तर मूळ मिलिव्होल्टची फाइल तशीच ठेवून वेगळ्या प्रतीत करा.